त्रिमितीय छायाचित्रणातील प्रतिमेची सूक्ष्मता व पाहण्याचे अंतर : पेण-रोह्याच्या खारभूमीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या भूमीत उंचीचे दोन अगदी वेगळे प्रकार शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे अवचितगड, घोसाळगड यांसारखे किल्ले आणि सह्याद्रीच्या दिशेने चढत जाणारे डोंगर आहेत. दुसरीकडे अंबा व कुंडलिका या नद्यांच्या खाड्यांलगतची खारभूमी आहे. पेणच्या पश्चिमेकडील वाशी, वढाव, दादर, रावे या परिसराला लोक खारेपाट म्हणतात. तेथील भातशेती भरतीच्या पाण्यापासून मातीच्या बांधाने राखलेली असते. हा बांध साधारण पुरुषभर उंचीचा. मोठ्या उधाणात या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांच्या पुढे जातो. म्हणजे डोंगराच्या मानाने नगण्य वाटणाऱ्या उंचीवर येथील शेतकऱ्याचे वर्षाचे पीक अवलंबून असते.

डोंगराची उंची नकाशात येते, बांधाची उंची येत नाही. या अनुपस्थितीचे कारण सर्वेक्षकाच्या अनास्थेत शोधण्याची आपल्याकडे सवय आहे. ते काही अंशी खरेही असेल; परंतु मुख्य कारण ज्या साधनाने गेल्या शतकात नकाशे तयार झाले त्या साधनाच्या घडणीत आहे. ते साधन म्हणजे जोडचित्रांवरून खोली व उंची जाणण्याचे तंत्र, अर्थात त्रिमितीय किंवा स्टिरिओ छायाचित्रण. प्रतिमा किती सूक्ष्म आहे, ती कोणत्या अंतरावरून घेतली व कोणत्या अंतरावरून पाहिली, यावर या तंत्राने दिसणारी खोली ठरते. दिवाणखान्यातील करमणुकीपासून उपग्रहापर्यंत हा नियम बदललेला नाही. त्या नियमाचा मुंबई इलाख्यातील इतिहास आणि पेण-रोह्याच्या खारभूमीला त्याचा आलेला अनुभव यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दोन डोळे, दोन चित्रे

माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे ६५ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे एकाच वस्तूची दोन किंचित भिन्न चित्रे मेंदूकडे जातात आणि त्या भिन्नतेतून खोलीचा बोध होतो. ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध करून दाखविण्याचे श्रेय चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जाते. १८३८ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला. त्या वेळी छायाचित्रण सर्वांसमोर आलेले नव्हते, म्हणून त्याने हाताने काढलेल्या रेखाकृतींच्या जोड्या वापरल्या. पुढे १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप सुचविला, १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात तो लोकांनी पाहिला आणि १८५४ मध्ये स्थापन झालेल्या लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने त्याचा व्यापार घरोघर नेला. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स याने १८६१ मध्ये हातात धरण्याचा स्वस्त नमुना तयार केला. सात इंच लांब व साडेतीन इंच रुंद पुठ्ठ्यावर चिकटवलेली दोन चित्रे, हे या नमुन्यासोबत रूढ झालेले माप अनेक दशके टिकले.

येथे थोडे गणित अटळ आहे. कोनाच्या एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला होतात. निरोगी डोळ्याला साधारण एक कला एवढा तपशील वेगळा दिसतो. दोन डोळ्यांच्या चित्रांतील फरक मात्र त्याहून सूक्ष्म, सुमारे २० विकलांपर्यंत, जाणवू शकतो. या मापाने हिशेब केला तर १० मीटरवरील वस्तूंमधील सुमारे १५ सेंटीमीटर खोलीचा फरक दोन डोळ्यांना कळतो. १०० मीटरवर तोच फरक सुमारे १५ मीटर असावा लागतो. अंतर दहापट झाले की लागणारा फरक शंभरपट होतो, कारण येथे अंतराचा वर्ग मोजावा लागतो. साडेसहाशे मीटरच्या पलीकडे तर दोन डोळे असून नसल्यासारखेच. अवचितगडाच्या माथ्यावरून दूरवरची कुंडलिका पाहणाऱ्याला जी खोली भासते ती धुके, सावली, लहानमोठेपणा आणि अनुभव यांतून येते. दोन डोळ्यांतील अंतराचा तिच्याशी संबंध नसतो.

छायाचित्राच्या बाबतीत डोळ्याच्या मर्यादेवर कागदाची मर्यादा चढते. समजा, १५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने चित्र घेतले आणि कागदावर दशांश मिलिमीटरहून बारीक तपशील उमटला नाही. मग दोन भिंगांतील अंतर डोळ्यांइतकेच, म्हणजे ६५ मिलिमीटर, ठेवले असता शंभर मीटरच्या पुढील सर्व काही दोन्ही चित्रांत जवळजवळ एकसारखेच येते. पाहणाऱ्याला तो भाग सपाट पडद्यासारखा दिसतो. हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य केले पाहिजे. सलग रेषा जुळविताना डोळा एका ठिपक्याहूनही सूक्ष्म फरक पकडतो, त्यामुळे मर्यादेची ही रेषा थोडी पुढेमागे सरकते. ती नाहीशी मात्र होत नाही.

पाहण्याच्या अंतराचा प्रश्न याहून नाजूक आहे. चित्र ज्या नाभीय अंतराने घेतले त्याच अंतरावरून ते पाहिले, किंवा मोठे केलेले चित्र त्याच प्रमाणात दुरून पाहिले, तर दृश्याची प्रमाणे खरी दिसतात. योग्य अंतरापेक्षा दुरून पाहिल्यास खोली ताणली जाते, जवळून पाहिल्यास ती दबते. स्टिरिओस्कोपचे भिंग हे अंतर पाहणाऱ्याच्या वतीने ठरवून टाकते. होम्सच्या नमुन्यातील भिंगाचे नाभीय अंतर सुमारे २०० मिलिमीटर असे, तर कॅमेऱ्याचे भिंग वेगळे असू शके. त्यामुळे पुष्कळ चित्रांतील खोली प्रत्यक्षाहून थोडी अधिकच दिसे. ग्राहकाला ते आवडत असे, म्हणून व्यापाऱ्याने तक्रार करण्याचे कारण नव्हते.

मुंबई इलाख्यातील परिस्थिती

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांची नावे या प्रारंभकाळाशी निगडित आहेत. हरिश्चंद्र चिंतामण हे पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. डॉक्टर, प्राच्यविद्येचा अभ्यासक आणि छायाचित्रकार हे एकाच वर्तुळातील असावेत, ही त्या काळच्या मुंबईची विशेष गोष्ट होय.

त्या वेळी रूढ होत असलेली पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची होती. काचेवर कोलोडियन ओतायचे, ती संवेदनशील करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच धुवायची. कोकणच्या उन्हात ईथर भराभर उडून जाई आणि काच हातातच वाळू लागे. एवढा खटाटोप करून मिळणारी काच मात्र विलक्षण बारीक तपशील धरून ठेवी. तिला जवळजवळ कण नसतच. पुढील काळातील कितीतरी फिल्म सूक्ष्मतेत तिच्या मागे पडतात. प्रगती म्हणजे प्रत्येक बाबतीत वाढ, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १८५० च्या दशकातील काच १९०० नंतर स्वस्तात छापल्या गेलेल्या स्टिरिओ कार्डांपेक्षा अधिक सांगते. छापील कार्डातील चित्र ठिपक्यांच्या जाळीचे असे आणि स्टिरिओस्कोपच्या भिंगातून ती जाळी स्पष्ट दिसे. जे ठिपक्यात मावत नाही त्याची खोलीही मावत नाही.

भारताच्या स्टिरिओ चित्रांचा सर्वांत प्रसिद्ध संच अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीचा. छायाचित्रकार जेम्स रिकाल्टन याच्या मार्गदर्शक पुस्तकासह तो १९०७ मध्ये निघाला आणि त्यात मुंबईबरोबर घारापुरीच्या लेण्यांचाही समावेश होता. घारापुरी बेट आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. या कंपनीच्या संचांबरोबर नकाशे दिले जात. छायाचित्रकार कोठे उभा होता आणि त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात कोणता प्रदेश येत होता हे त्यांवर रेषांनी दाखविलेले असे. स्टिरिओस्कोपची कड चेहऱ्याला भिडवावी, आजूबाजूची खोली दिसू देऊ नये, असा आग्रह असे. घरबसल्या प्रवास विकणाऱ्यांना हे नेमके कळले होते की, पाहणाऱ्याचे स्थान आणि अंतर बांधून घेतल्याशिवाय खोलीचा भास टिकत नाही.

घारापुरीचे मुख्य लेणे स्टिरिओ छायाचित्रणाला अगदी सोयीचे आहे. त्याची लांबी सुमारे ३९ मीटर. खांब एकामागे एक उभे. म्हणजे सारे दृश्य दोन भिंगांच्या टप्प्यात येते. पहिला खांब, दुसरा खांब, त्यामागचा अंधार आणि मूर्ती अशा पायऱ्या डोळ्याला स्पष्ट लागतात. लेण्याच्या बाहेर येऊन त्याच कॅमेऱ्याने समोरच्या खाडीचे चित्र घेतले तर पाणी, चिखल आणि पलीकडचा किनारा हे सर्व एकाच पातळीवर चिकटलेले दिसेल. भूदृश्याला खोली द्यायची तर दोन चित्रांमधील अंतर वाढवावे लागते. याचे तत्त्व हेल्महोल्ट्झने १८५७ मध्ये दूरवस्तूंची खोली दाखविणाऱ्या आपल्या उपकरणात वापरले होते. व्यवहारात एक ढोबळ नियम रूढ झाला : सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग एवढे अंतर दोन चित्रांत ठेवावे. परंतु डोळ्यांतील अंतर वाढविणे म्हणजे पाहणाऱ्याला राक्षस करणे होय. राक्षसाच्या डोळ्यांना डोंगर खेळण्यातल्या डोंगरासारखा दिसतो. खोली मिळते, पण मूळ आकारमानाची जाणीव जाते.

याच काळात कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपली शांबरिक खरोलिका उभी केली. १८९२ पासून तिचे खेळ होऊ लागले. हाताने रंगविलेल्या काचांची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखविणारा हा मराठी उपक्रम स्टिरिओस्कोपच्या नेमका उलट होता. खरोलिकेपुढे शेकडो माणसे बसत आणि प्रत्येकाचे पडद्यापासूनचे अंतर निराळे असे. स्टिरिओस्कोप एका वेळी एकालाच पाहता येई, तोही ठरलेल्या अंतरावरून. महाराष्ट्रात सामुदायिक चित्रदर्शनाची परंपरा रुजली, चित्रकथीपासून चित्रपटापर्यंत ती चालत आली. स्टिरिओस्कोप मात्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून फारसा बाहेर पडला नाही. विसाव्या शतकात व्ह्यू-मास्टरच्या रूपाने तो मध्यमवर्गीय मुलांच्या हाती आला. १९३९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या या खेळण्याची चकती नखाएवढ्या रंगीत फिल्मचित्रांची असे. चित्र इतके लहान, म्हणून भिंग जोरदार आणि भिंग जोरदार, म्हणून फिल्म अत्यंत बारीक कणांची, असा तो परस्परावलंबी संसार होता.

खेळण्यापासून सर्वेक्षणापर्यंत

जोडचित्रांवरून केवळ खोली पाहायची नाही, ती मोजायची, ही कल्पना १९०१ मध्ये येनाच्या झाइस कारखान्यातील कार्ल पुल्फ्रिख याच्या उपकरणाने व्यवहारात आणली. विमान आल्यावर तिला खरे क्षेत्र मिळाले. विमान सरळ रेषेत उडते आणि ठरावीक वेळाने खालच्या भूमीचे चित्र घेते. लागोपाठच्या दोन चित्रांत सुमारे ६० टक्के भूमी समान राहील अशी योजना असते. त्या समान भागाची जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवली की भूमी उठून दिसते. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मुख्यतः याच मार्गाने झाले. छायाचित्रवाचनाचे प्रशिक्षण देण्यासाठी डेहराडून येथे १९६६ मध्ये डच सहकार्याने स्वतंत्र संस्था सुरू झाली. आजची भारतीय दूरसंवेदन संस्था ती हीच. आपल्या महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत धूळ खात असलेले खिशात मावणारे स्टिरिओस्कोप याच परंपरेतील होत.

हवाई चित्राच्या मापांचा हिशेब बोधप्रद आहे. २३ सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी चित्रात ६० टक्के भाग समान असेल, तर दोन चित्रांच्या मध्यांतील अंतर चित्रावर सुमारे ९.२ सेंटीमीटर येते. कॅमेऱ्याचे नाभीय अंतर १५.२ सेंटीमीटर धरले, तर पाया आणि उंची यांचे गुणोत्तर सुमारे ०.६ होते. हातात चित्र धरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील अंतर आणि चित्राचे अंतर यांचे गुणोत्तर याहून पुष्कळ कमी असते. म्हणून स्टिरिओस्कोपखाली डोंगर प्रत्यक्षाच्या तीन-चार पट उभे दिसतात. नवख्या विद्यार्थ्याला सह्याद्रीचा साधा उतारही कड्यासारखा वाटतो, तो यामुळे.

आता खारभूमी घेऊ. १:४०,००० प्रमाणाच्या चित्रासाठी विमान सुमारे ६,००० मीटर उंचीवर असावे लागते. दोन चित्रांतील फरक मोजणाऱ्याने ०.०५ मिलिमीटरपर्यंत अचूक मोजला, असे धरले तर उंचीतील अनिश्चितता ३.३ मीटर निघते. ०.०२ मिलिमीटर एवढे कसब धरले तरी ती १.३ मीटरच्या खाली जात नाही. अवचितगडासाठी ही चूक क्षुल्लक आहे. पुरुषभर उंचीच्या खारबांधासाठी ती बांधाएवढीच किंवा बांधाहून मोठी आहे. नकाशाच्या समोच्चरेषा तर सामान्यतः २० मीटरच्या. पेण ज्यात येते तो ४७ एफ/२ आणि रोहा ज्यात येते तो ४७ एफ/३, हे नकाशापत्रक उघडले की डोंगरावर रेषांची गर्दी दिसते आणि खाडीकाठी पांढरा कागद. तेथे काही नाही असा त्याचा अर्थ लावणे चूक ठरेल. तेथे जे आहे ते रेषांच्या टप्प्याखाली आहे, एवढेच तो कागद सांगतो.

या साहित्याचा वापरही दीर्घकाळ मोकळा नव्हता. किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे नकाशे आणि हवाई छायाचित्रे संरक्षणाच्या कारणाने प्रतिबंधित होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि पुढे फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हा निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाला. किनाऱ्यावरील तालुक्यांच्या स्थानिक इतिहासकाराला आपल्याच गावाचे चित्र पाहण्यासाठी जो द्राविडी प्राणायाम करावा लागे, त्याची कल्पना मैदानी जिल्ह्यांतील संशोधकांना येणार नाही.

सहाशे अठरा किलोमीटरवरून

५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडण्यात आला. केवळ जोडचित्रे घेण्यासाठी त्याची घडण होती. त्याचा एक कॅमेरा २६ अंश पुढे झुकलेला, दुसरा ५ अंश मागे. ६१८ किलोमीटर उंचीवरून जाताना पुढच्या कॅमेऱ्याने टिपलेली भूमी सुमारे ५२ सेकंदांनी मागच्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात येई. म्हणजे राक्षसाच्या दोन डोळ्यांतील अंतर आता सुमारे ३८० किलोमीटर झाले. पाया आणि उंची यांचे गुणोत्तर ०.६२. विमानाच्या कॅमेऱ्याचे ०.६ आणि हे ०.६२ यांतील साम्य अर्थपूर्ण आहे. गुणोत्तर फार लहान ठेवले तर उंची कळत नाही, फार मोठे केले तर दोन चित्रे इतकी निराळी येतात की त्यांतील समान बिंदू जुळविणे कठीण जाते. अभियंत्यांनी शेवटी जुनाच मध्यममार्ग स्वीकारला.

कार्टोसॅटच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे भूमीवरील २.५ मीटर. दोन चित्रांतील एका ठिपक्याचा फरक २.५ भागिले ०.६२, म्हणजे सुमारे ४ मीटर उंचीचा असतो. संगणक ठिपक्याच्या अंशापर्यंत जुळवाजुळव करतो हे खरे. तरी या चित्रांवरून देशासाठी तयार झालेल्या अंकीय उंची-आराखड्याची अपेक्षित अचूकता ८ मीटरच्या आसपास सांगितली जाते. चार मीटरांची भरती आणि पुरुषभर बांध या दोन्ही गोष्टी त्या ८ मीटरांत बुडून जातात. उपग्रह सोडल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २६ जुलै २००५ रोजी, कोकणात महापूर आला. अंबा, कुंडलिका, सावित्री यांच्या खोऱ्यांत पाणी कोठवर चढले हे गावकऱ्यांना भिंतीवरच्या खुणांनी ठाऊक झाले. त्या खुणा आणि ८ मीटर अचूकतेचा आराखडा एकमेकांशेजारी ठेवले, तर खारेपाटाच्या बाबतीत भिंतीवरची खूण अधिक विश्वसनीय साधन ठरते.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. बांधाची उंची कार्टोसॅटच्या जोडचित्रांत सापडत नाही, तरी बांधाची रेषा त्याच्या एकट्या चित्रात ठळक दिसते. दोन मीटर रुंदीचा बांध एका ठिपक्यातही पुरता बसत नाही. पण तो कित्येक किलोमीटर सलग जातो आणि एका बाजूला ओला चिखल, दुसऱ्या बाजूला भाताचे खाचर अशा दोन छटांना विभागतो, म्हणून डोळ्याला तो लागतो. सपाटीतील सूक्ष्मता आणि खोलीतील सूक्ष्मता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अनेक अहवालांत केवळ पहिलीचा आकडा दिला जातो आणि वाचक दुसरीही तेवढीच असेल असे समजतो.

खारभूमीचा पुरावा

पेण-रोह्याच्या खारबंदिस्तीचा इतिहास या तंत्रापेक्षा पुष्कळ जुना आहे. १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्ये शिलोत्री पद्धतीचे वर्णन येते. खाजण बांधून लागवडीला आणणाऱ्याने समुद्राकडील मुख्य बांध, म्हणजे बाहेरकाठा, राखायचा आणि त्याबद्दल कुळांकडून भाताचा वाटा घ्यायचा, असे तिचे स्थूल स्वरूप होते. आतील पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी उघाडी हे या व्यवस्थेचे हृदय. जमिनीवरील हक्कांचे संबंध बदलत गेले तशी बांधाची जबाबदारीही हलली. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने शासन या कामात उतरले. बांध कोणाचा, हा प्रश्न त्यानंतरही संपला नाही. उधाणाला बांधाला खांड पडते, खारे पाणी खाचरात शिरते, दुरुस्ती लांबते आणि दोन-चार वर्षांत भाताच्या जागी कांदळवन उभे राहते.

या कांदळवनापाशी छायाचित्राचा प्रश्न कायद्याचा प्रश्न बनतो. १८ जानेवारी २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार, १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते असे मानले जाते. मात्र बांधाच्या आत खारे पाणी शिरून कांदळवन वाढले असेल तर ते क्षेत्र सर्वाधिक संरक्षित वर्गात जाते. कांदळवनाचे पर्यावरणीय मोल निर्विवाद आहे. परंतु ज्याच्या सात-बारावर भातशेती आहे आणि ज्याच्या बांधाची खांड वेळेत बुजवली गेली नाही, त्याच्या दृष्टीने हा वर्ग म्हणजे जमीन हातची गेल्याचीच नोंद ठरते. येथे बांध होता काय, तो १९९१ पूर्वीचा काय, तो कधी फुटला, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावी लागतात.

कार्टोसॅट-१ ची चित्रे २००५ नंतरची, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर ती साक्ष देऊ शकत नाहीत. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय सर्वेक्षण विभागाकडे किनाऱ्याची धोकारेषा आखण्याचे काम सोपविले. त्यासाठी अंकीय कॅमेऱ्यांनी त्रिमितीय हवाई छायाचित्रण करण्यात आले आणि अर्ध्या मीटरच्या समोच्चरेषांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. कॅमेरा शेकडो किलोमीटरवरून काही किलोमीटरवर उतरला, म्हणजे पाहण्याचे अंतर कमी झाले, आणि बांध प्रथमच उंचीच्या मोजणीत येण्याजोगा झाला. तथापि या चित्रांतील बांध २०१० नंतरचा आहे. फुटलेला असेल तर फुटलेलाच दिसेल.

उरतात ती १९९१ पूर्वीची हवाई जोडचित्रे. त्यांची फिल्म सर्वेक्षण विभागाच्या ताब्यातील जुनी ऐतिहासिक साधने आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे अद्याप दप्तरखान्यातील मोडी कागदांइतक्या गांभीर्याने पाहिलेले नाही. मघाच्या हिशेबाप्रमाणे बांधाची उंची त्यांत खात्रीने मोजता येणार नाही. तरीही त्यांचे वाचन शक्य आहे. उड्डाण बहुधा पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत होत असे, सूर्य कललेला असे आणि उभट बांधाची सावली चित्रावर केसाएवढ्या काळ्या रेषेसारखी पडे. सावलीची लांबी आणि सूर्याची त्या तारखेची, त्या वेळेची उंची ठाऊक असेल तर, जेथे जोडचित्र मुके होते तेथे एकटे चित्र बांधाच्या उंचीचा अंदाज देते. त्यासाठी मूळ फिल्म हवी, कारण कागदी प्रतीत ती रेषा बहुतेकदा मावळलेली असते. चित्रावर नोंदविलेली घड्याळाची वेळ आणि उड्डाणाची तारीखही हवी.

त्याच फिल्मवर बांधाच्या दोन बाजूंची पोत वेगळी दिसते. आतल्या बाजूला खाचरांचे लहान चौकोन, मधून सरळ जाणारा पाण्याचा चर आणि त्याच्या टोकाशी उघाडीचा काळा ठिपका. बाहेरच्या बाजूला झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या खाडीच्या वाटा. बांधाला खांड पडली असेल तर या फांद्या बांधाच्या आत शिरलेल्या असतात आणि जुन्या चौकोनांवरून वाकडेतिकडे जातात. एकाच जागेची दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रे मिळाली, तर त्या फांद्या प्रथम कोणत्या वर्षी आत आल्या हे गावनकाशा आणि शिलोत्रीच्या नोंदी शेजारी ठेवून सांगता येते.